‘समस्थानिक’ आणि कोकणातले ‘स्थानिक’

गुहागर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. भूरसायनशास्त्रज्ञ प्रदूषणाचा उगम कसा शोधतात, यावरच्या लेखात त्यांनी वाक्य वाचलं: ‘खाडीच्या पाण्यात नायट्रोजनचे समस्थानिक आढळले.’ ते विचारतात, या शब्दाचा ‘स्थानिक’शी काही संबंध आहे का? आणि समस्थानिक म्हटलं की किरणोत्सर्ग आलाच, तर त्या खाडीतल्या तिसऱ्या-कालवं खायची की नाही?

पहिल्या शंकेचं मला नवल वाटलं नाही. ‘स्थानिकांचा विरोध’, ‘स्थानिकांना रोजगार’ असे मथळे कोकणात इतके वाचनात येतात की ‘समस्थानिक’ म्हणजे एकाच वाडीतले लोक वाटावेत. शब्दाच्या पोटात ‘स्थान’ आहे हे खरंच, पण ते स्थान नकाशावरचं नव्हे, मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किरणोत्सर्गी पदार्थांचे इतके प्रकार हाती आले होते की सारणीत त्यांना घरं पुरेनात. फ्रेडरिक सॉडी यांनी दाखवलं की यातले कित्येक प्रकार रासायनिक वागणुकीत एकच आहेत, फरक आहे तो अणूच्या वजनाचा. तेव्हा त्यांना एकाच घरात बसवावं. मार्गारेट टॉड या डॉक्टर आणि लेखिका असलेल्या त्यांच्या परिचितांनी ग्रीकमधले ‘सारखं’ आणि ‘जागा’ हे दोन शब्द जोडून ‘आयसोटोप’ हे नाव सुचवलं, आणि १९१३ साली सॉडींनी ते छापून आणलं. ‘सम’ आणि ‘स्थान’ ही त्याचीच मराठी जोडी.

आता त्या वाक्याकडे येतो, कारण खरी गफलत तिथे आहे. ‘समस्थानिक आढळले’ यातून काहीच कळत नाही. जिथे नायट्रोजन आहे तिथे त्याचे दोन्ही स्थिर समस्थानिक, १४ वजनाचा आणि १५ वजनाचा, असायचेच. खाडीत आहेत, नारळाच्या झावळीत आहेत, तुमच्या-माझ्या नखांतही आहेत. हवेत दर २७३ नायट्रोजन अणूंमागे साधारण एक जड असतो. शास्त्रज्ञ मोजतात ते दोघांचं गुणोत्तर, आणि ते हवेतल्या गुणोत्तरापेक्षा दर हजारी किती कमी-जास्त आहे हे सांगतात. म्हणून वाक्य हवं होतं: ‘नायट्रोजनच्या समस्थानिकांचं गुणोत्तर अमुक आढळलं.’ ‘गुणोत्तर’ गाळलं की बातमीतली बातमीच जाते.

या गुणोत्तरावरून उगम कसा कळतो? अलिबागजवळ थळला युरिया तयार होतो. त्यातला नायट्रोजन हवेतूनच घेतलेला, त्यामुळे त्याचं गुणोत्तर हवेच्या जवळपास, म्हणजे हवेशी असलेला फरक शून्याच्या आगेमागे राहतो. शौचखड्डा, गटार, शेणखत यांची गोष्ट वेगळी. तिथे अमोनिया उडून जातो आणि उडताना हलका नायट्रोजन थोडा जास्त जातो. भात उपणताना फोलपट आधी उडावं आणि भरीव दाणा मागे राहावा तसं. मागे उरलेल्या नायट्रोजनपासून बनलेलं नायट्रेट म्हणून जड असतं, बहुधा दर हजारी १० ते २० ने. फरक ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात दर हजारी १० म्हणजे २७३ अणूंमागे एक जड होता तो २७० मागे एक झाला, एवढंच. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र हा फरक पकडतं.

मात्र आकडा जड आला म्हणून लगेच वरच्या गावाच्या गटाराकडे बोट दाखवू नये. कांदळवनाच्या प्राणवायूविरहित चिखलात जिवाणू नायट्रेट मोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात, तेव्हाही हलका आधी जातो आणि उरलेलं नायट्रेट जड होतं. खत शेतातलं असूनही सांडपाण्यासारखं दिसू शकतं. म्हणून त्याच नायट्रेटमधल्या ऑक्सिजनचं गुणोत्तरही तपासतात, आणि कधी बोरॉनचं, कारण कपडे धुण्याच्या पावडरीतून बोरॉन सांडपाण्यात येतो.

शिशाच्या बाबतीत ही हलक्या-जडाची भानगड जवळजवळ नसते. त्याचे २०४, २०६, २०७ आणि २०८ असे चार स्थिर समस्थानिक आहेत. यातले शेवटचे तीन युरेनियम आणि थोरियम यांच्या क्षयातून वाढत गेले, २०४ मात्र मूळचा तेवढाच. खाण कोणत्या काळातली, कोणत्या खडकातली, यावर गुणोत्तर ठरतं आणि पुढे भट्टीतून, पेट्रोलमधून, धुरातून गेलं तरी टिकतं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. पण खाडीचा गाळ थरावर थर साचतो, आणि कोणत्या थरातलं शिसं आपल्या खडकातलं आणि कोणतं बाहेरून आलेलं, हे त्या गुणोत्तरावरून ताडता येतं.

किरणोत्सर्गाची शंका इथे थोडी लागू पडते, पण भीतीने नव्हे. वर आलेले नायट्रोजनचे आणि शिशाचे समस्थानिक स्थिर आहेत, त्यातून काही बाहेर पडत नाही. गाळाच्या थरांचं वय काढायला मात्र शिसं-२१० वापरतात, ते किरणोत्सर्गी असतं. हवेतल्या रेडॉनपासून ते निसर्गातच तयार होतं, अत्यल्प असतं आणि सुमारे २२ वर्षांत निम्मं होतं. तेव्हा तिसऱ्यांना समस्थानिकांमुळे हात आखडण्याचं कारण नाही. सांडपाण्यामुळे आखडावा का, हा प्रश्न वेगळा आणि जास्त रास्त आहे.

राहिलं व्याकरण. मी शब्द पुल्लिंगी वापरला आहे, अनेकवचनी तसाच: एक समस्थानिक, दोन समस्थानिक. पाठ्यपुस्तकांत तो नपुंसकलिंगीही दिसतो: ‘समस्थानिके’. काही जण विचारतात, ‘समाज’चं ‘सामाजिक’ होतं तर ‘सामस्थानिक’ का नको? ‘समस्थान’ला ‘इक’ लावला तर तसं व्हायला हवं, पण ‘सम’ आणि ‘स्थानिक’ असा समास मानला की अडचण उरत नाही. शिवाय पाठ्यपुस्तकांनी रुळवलेला शब्द आता कोणी बदलणार नाही. ‘आयसोटोप’ लिहिलंत तरी माझी हरकत नाही. फक्त त्याच्या जागी ‘समभारिक’ लिहू नका. समभारिकांचं वजन सारखं आणि घर वेगळं असतं, जसे कार्बन-१४ आणि नायट्रोजन-१४.