किल्ली, सेल्फ आणि स्टेअरिंग : जुन्या पिकअपच्या तक्रारी

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला की जुन्या पिकअपच्या तक्रारींची पत्रे वाढतात. या वेळची चारही पत्रे किल्ली आणि स्टेअरिंगची आहेत, म्हणून उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : पिकअप १८ वर्षे जुनी आहे. किल्ली आत जाते, पण फिरत नाही. स्टेअरिंगला हिसके दिले की कधीतरी फिरते. गॅरेजवाले म्हणतात, लॉक काढून गाडी चालू करायचे बटण बसवू. बसवावे का? (बागायतदार, दिंडोरी)

बटण बसवू नका. आधी दोष स्टेअरिंग अडकवणाऱ्या लॉकच्या पिनचा आहे की किल्ली ज्यात जाते त्या नळीचा, ते ठरवा. गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करा आणि किल्ली फिरवून पाहा. अशी सहज फिरत असेल, तर लॉक ठीक आहे. चाक बांधाला किंवा सरीला टेकलेले असताना गाडी बंद केली की स्टेअरिंग लॉकच्या पिनवर ताण येतो आणि किल्ली अडते. स्टेअरिंग ज्या बाजूला किंचित सैल लागते तिकडे दाबून धरा आणि त्याच वेळी किल्ली हलक्या हाताने फिरवा. पक्कड लावू नका. किल्ली आतच तुटली तर खर्च कितीतरी वाढतो.

चाके सरळ असूनही अडत असेल, तर नळीतल्या पितळी पट्ट्या झिजल्या आहेत किंवा त्यांच्यात धूळ बसली आहे. इथे बहुतेक जण तेल सोडतात. दोन दिवस बरे वाटते, मग त्याच तेलाला धूळ चिकटून लगदा होतो. तेल आधीच घातले असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने नळी धुऊन पूर्ण वाळू द्या, मग चिमूटभर ग्रॅफाइट पावडर फुंकून किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. किल्ली कपड्याला पुसून पुन्हा तेच करा. घरात न वापरलेली दुसरी किल्ली असेल तर तीही लावून बघा. ती सहज फिरली तर झीज किल्लीची आहे. मात्र झिजलेल्या किल्लीवरून नवी काढली तर झीजही तशीच उतरते. गाडीबरोबर आलेल्या किल्लीच्या क्रमांकावरून किल्ली कापून घ्या.

लॉक बदलावेच लागले, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. लॉकचा क्लॅम्प ज्या दोन बोल्टांवर असतो, त्यांची डोकी मुद्दाम तुटणारी असतात. छिन्नीने कडेला खाच पाडून ते उलटे फिरवतात. नवे लॉक बसवताना असेच नवे बोल्ट आधी हातानेच आवळा. किल्ली सर्व घरांतून फिरवा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. पिन पूर्ण मागे जाते याची खात्री झाल्यावरच डोकी तोडा. बटणाच्या जुगाडात पिन तारेने मागे ओढून ठेवतात. ती तार चालत्या गाडीत सुटली, तर स्टेअरिंग जागेवर अडकते.

प्रश्न : पहाटे किल्ली मारली की फक्त 'टक्' आवाज येतो. पाच-सहा वेळा मारल्यावर सेल्फ घेते. बॅटरी नवी टाकली, सेल्फ मोटरही दुरुस्त करून आणली. फरक नाही. (टोमॅटो वाहतूकदार, पिंपळगाव बसवंत)

मोजल्याशिवाय बदललेले सुटे भाग म्हणजे वाया गेलेले पैसे. तीनचारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर यात निकाल देतो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि किल्ली मारायला दुसरा माणूस. एवढी तयारी झाली की सुरुवात करा.

रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हेडलाइट लावून किल्ली मारायला सांगा. 'टक्' होताना दिवे एकदम मरत असतील, तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची चेसिस-इंजिनशी जोडणी) बघा. दिवे जसेच्या तसे उजळ राहत असतील, तर सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला वीज जोडणारा चुंबकी स्विच) पुरेसा दाब (व्होल्टेज) पोहोचत नाही किंवा सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळले आहेत.

आता मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन सोलेनॉइडच्या बारीक वायरीच्या जोडाला लावा. किल्ली मारल्यावर इथे येणारा आकडा आणि त्याच क्षणी बॅटरीवर दिसणारा आकडा यांत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला, तर दाब वाटेत मरतो आहे. सेल्फ दुरुस्तीला पाठवून हा दोष कधीच जाणार नाही. सोलेनॉइड ओढला जाताना क्षणभर मोठा प्रवाह घेतो. जुन्या गाड्यांत तो सगळा प्रवाह इग्निशन स्विचच्या लहानशा कॉन्टॅक्टमधून जातो आणि ते हळूहळू जळत जातात. द्राक्षांच्या भागात गंधकाची पोती वाहणाऱ्या गाड्यांत तांब्याचे जोड काळे पडलेले दिसतात, तेही पाहून घ्या. स्विचमागचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) सोडवा. एखादी पिन करडी आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी, वितळल्यासारखे दिसले, तर दोष तिथेच आहे. फक्त पिन खरवडून भागत नाही. कपलर वायरीच्या तुकड्यासकट बदला.

स्विच बदलल्यावर पुन्हा तसेच होऊ नये म्हणून ४० अँपिअरची रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) लावा. ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीच्या पॉझिटिव्हची ४ चौरस मिमी वायर, त्यात बॅटरीपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून सोलेनॉइडकडे त्याच जाडीची वायर. सोलेनॉइडवर पूर्वी येणारी बारीक वायर आता ८६ ला, आणि ८५ चेसिसच्या स्वच्छ खरवडलेल्या जागी. मग किल्लीच्या स्विचमधून केवळ रिले ओढण्यापुरता प्रवाह जातो. हे काम एक ऑटो इलेक्ट्रिशियन तासाभरात करतो.

अर्थिंगची तपासणी मात्र सोडू नका. किल्ली मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवू लागला, तर इंजिन-चेसिस जोडणारी पट्टी गंजली आहे. दोन्ही टोके वायरब्रशने चकचकीत करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा.

प्रश्न : खड्ड्यात आपटली की गाडी एकदम बंद पडते, मीटरचे दिवेही जातात. किल्लीला धक्का लागला तर परत चालू होते. (घोटी)

किल्लीचा जुडगा आधी हलका करा. मोठा जुडगा दर हादऱ्याला नळी आणि स्विच खाली ओढतो. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून किल्ली बोटाने हलकेच हलवा, नंतर खालचा कपलर हलवा. जिथे इंजिन गचके देते, तिथे दोष. बहुतेक डिझेल पिकअपमध्ये डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडला किल्लीतून सतत १२ व्होल्ट लागतात. ते तुटले की डिझेल बंद होते.

चालू गाडीत किल्ली हातात निघून येत असेल, तर नळी लगेच बदला. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कसारा घाटात डिझेल वाचवायला किल्ली बंद करून गाडी सोडू नका. इंजिन थांबले की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक दाबताच संपतो, पेडल दगडासारखे होते, आणि झिजलेल्या लॉकमध्ये पिन पडली तर वळणावर स्टेअरिंग अडकते.

प्रश्न : स्टेअरिंगला खूप प्ले आहे, खालून 'कट-कट' येते. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू का? (त्र्यंबकेश्वर)

स्क्रू सगळ्यात शेवटी. चाके सरळ ठेवून रिमला टेप लावा आणि पट्टीने मोजा. साधारण ३० मिमीच्या वर मोकळी हालचाल असेल, तर गाडी तपासणीची आहे. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खाली वाकून बघावे. वरचा शाफ्ट फिरतो आणि क्रॉसपुढचा (क्रॉस म्हणजे दोन शाफ्टांना जोडणारा सांधा) उशिरा फिरतो, तर क्रॉस गेला. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतो पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला, चाकांकडे हालचाल नेणारा दांडा) थांबून राहतो, तर दोष बॉक्सचा. ड्रॉप आर्म हलतो पण चाक नाही, तर बॉल जॉइंट. स्टेअरिंग वर-खाली उचलले जात असेल, तर कॉलमचा (स्टेअरिंगखालच्या दांड्याचा) बुश.

क्रॉसला वेल्डिंग कोणी सुचवले तर सरळ नकार द्या. तापलेले पोलाद ठिसूळ होऊन वळणावर तुटू शकते. क्रॉस काढण्याआधी दोन्ही शाफ्टांवर खूण करा. बसवताना पिंच बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतूनच गेला पाहिजे, नट नवा हवा. हे सगळे ठीक असेल तरच बॉक्सचा स्क्रू चाके सरळ ठेवून पाव फेरीहूनही कमी फिरवा. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येईनासे झाले, तर जास्त आवळला गेला आहे. तेवढाच परत सैल करा.