टोपीवरची पिसं मोजून लावा

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनात आम्हाला उत्तर अमेरिकेतल्या हॉडेनोशॉनी लोकांची नाचातली पिसांची टोपी मांडायची आहे. ती कशी करावी? गेल्या वर्षी केलेल्या मुकुटाची पिसं दोन दिवसांत गळून पडली. – एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ताई, आधी चित्र नीट निवडा. पाठीवर रुळणारी पिसांची लांब माळ लाकोटांसारख्या मैदानी जमातींची. हॉडेनोशॉनींची ‘गस्तोवे’ म्हणजे डोक्याला घट्ट बसणारी गोल टोपी.

मूळ सांगाडा अ‍ॅश झाडाच्या पट्ट्यांचा असतो. आपण बुरुडाकडून बोटभर रुंदीच्या पातळ कामट्या घ्याव्यात. त्या रात्रभर भिजवा, कोरडी कामटी वाकवताना मोडते. कानाच्या वरून घेर मोजा, 2 सेंमी वाढवून कडं करा, त्यावर दोन कामट्या फुलीसारख्या दोऱ्याने बांधा आणि सुती कापड ताणून शिवा.

मूळ पिसं टर्कीची, तुम्ही गावरान कोंबडीची घ्या. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पुरती वाळवा, ओलसर राहिली की वास येतो आणि कीड लागते. तुमचा मुकुट बहुधा ग्लू गनमुळे गळला असेल. पिसाचा देठ गुळगुळीत, त्याला डिंक धरत नाही, आणि आपल्या उन्हात पत्र्याखाली तो मऊही पडतो. देठाचं टोक तिरकं कापा, वळवून देठाच्याच पोकळीत खोचा. छोटा फासा होतो, त्यातून दोरा ओवून कापडाला टाका घाला. सुरुवात खालच्या कडेपासून, कौलं चढवतात तशी, म्हणजे वरची ओळ खालचे टाके झाकते.

माथ्यावरची मोठी पिसं शोभेची नाहीत, त्यांवरून हॉडेनोशॉनी संघातल्या सहा राष्ट्रांपैकी (जमातींपैकी) कोणतं ते ओळखतात. मोहॉक : तीन उभी. ओनायडा : दोन उभी, एक खाली. ओनोंडागा : एक उभं, एक खाली. कयूगा : एकच, मागे कललेलं. सेनेका : एकच, ताठ उभं. टस्कारोरा : एकही नाही. मूळ टोपीत ती गरुडाची असतात आणि नळीत सैल बसवलेली, त्यामुळे नाचताना फिरतात. तुम्ही रिकाम्या पेनाची नळी शिवा, त्यात कोंबड्याच्या शेपटीचं लांब पीस ठेवा, चिकटवू नका. घार-गरुडाचं पीस मैदानात पडलेलं सापडलं तरी घेऊ नका, 1972च्या वन्यजीव कायद्याने हे पक्षी संरक्षित आहेत.

एक विनंती. त्यांचं मोठं पिसांचं नृत्य हा धार्मिक विधी आहे, म्हणून टोपी मुलांच्या डोक्यावर चढवून स्नेहसंमेलनात नाचवू नका, स्टँडवर मांडा. पाटीवर ‘रेड इंडियन टोपी’ नको. ‘हॉडेनोशॉनी गस्तोवे’ आणि खाली राष्ट्राचं नाव लिहा.