वाचक विचारतात : डांबराखालचे रूळ

प्रश्न : खडकीत आमच्या घराजवळ रस्त्याच्या डांबरातून रुळांच्या रेघा वर आल्या आहेत. दहा-पंधरा पावलांवर भिंत येते आणि रूळ संपतात. जुनी माणसं सांगतात, इथून मालगाडी जायची. रेल्वेमार्गांच्या कुठल्याही यादीत ही शाखा सापडत नाही. शोध कुठून सुरू करावा?
(एक वाचक, खडकी)

उत्तर : यादीत सापडत नाही, कारण ती बहुधा शाखा नव्हतीच, साइडिंग होती, म्हणजे मुख्य लाइनीवरून बाजूला काढलेला मालाचा फाटा. याद्यांत असतात त्या वाहतुकीला खुल्या झालेल्या लाइनींच्या तारखा. उदाहरणार्थ, खंडाळा-पुणे, १४ जून १८५८. साइडिंगला ना उद्घाटन, ना वेळापत्रकात जागा. ती एखाद्या कारखान्याशी किंवा डेपोशी झालेल्या करारावर चालते आणि करार संपला की गवतात जाते. खडकीत तर दारूगोळा कारखानाच १८६९ पासूनचा आहे. म्हणून गाडीच्या मागे लागण्याआधी जमीन कोणाची होती ते पाहा. कागद जमिनीच्या मालकामागे जातात.

तुमचा पत्ता कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल, तर सातबाऱ्यात वेळ घालवू नका. तिथल्या जमिनींची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. त्यात सर्व्हे नंबरापुढचा वर्ग वाचा. १९३७ च्या नियमांप्रमाणे ए-१ म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली जमीन. बी-१ म्हणजे केंद्राच्या इतर खात्याच्या किंवा रेल्वेच्या वापरातली. एवढ्या एका अक्षरावरून पुढचा अर्ज कुणाकडे करायचा ते ठरतं. हद्दीबाहेर असाल तर नगर भूमापन कार्यालयातला नकाशा पाहा. प्लॉटांच्या चौकोनांमधून लांबट, सारख्या रुंदीची, सावकाश वळणारी पट्टी गेलेली दिसली, की तिची मिळकत पत्रिका आणि कमी-जास्त पत्रक मागा. भूसंपादन झालं असेल तर क्षेत्र कधी आणि कुणाच्या नावे वळतं झालं, ते या पत्रकात असतं.

रेल्वेकडे माहिती अधिकारात विचारणार असाल (शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस), तर ‘इतिहास द्या’ असं लिहू नका. मुख्य लाइनीवरच्या विजेच्या खांबावर किलोमीटर आणि खांबक्रमांक रंगवलेला असतो. रस्त्यावरून किंवा पादचारी पुलावरून तो वाचून घ्या आणि ‘या खांबाजवळून निघणाऱ्या साइडिंगचा करार, आराखडा आणि रूळ काढल्याचा आदेश’ असं नेमकं मागा. रेल्वेचा पुणे विभाग १९९६ सालचा आहे. त्याआधीचे कागद इथे नसतील, तर कायद्याप्रमाणे अर्ज संबंधित कार्यालयाकडे वर्ग करावा, ही विनंतीही त्यातच लिहा.

आता रूळ. दोन रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा : ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १०००, नॅरोगेज ७६२. पुण्यात १००० भरलं, तर मिरजेकडून आलेल्या सदर्न मराठा रेल्वेचा माग धरा. पण इथे बहुतेकांची एक चूक होते. रस्ता ओलांडताना चाकाच्या कडेसाठी खाच राहावी म्हणून मुख्य रुळाच्या आत चेक रेल हा जादा रूळ बसवतात, आणि डांबरात कधीकधी तोच ठळक दिसतो. दोन्हीकडे साधारण ५१ ते ५७ मिलिमीटरची खाच आणि ६७ मिलिमीटरचा माथा वजा झाला, की १६७६ चे १४२८ ते १४४० उरतात. मग ‘पुण्यात स्टँडर्ड गेज (१४३५ मिलिमीटर) होतं’ असा शोध लागतो! बाहेरची रुळांची जोडी खरवडून पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

प्रश्न : रुळाच्या बाजूवर १९१३ असं उठलेलं आहे. म्हणजे लाइन १९१३ ची ना?

उत्तर : नाही. ते रूळ लाटल्याचं साल. मुख्य लाइनीवरून काढलेले जुने रूळ साइडिंगला टाकायची पद्धत आहे, त्यामुळे रूळ तिथे वीस-तीस वर्षांनीही आलेला असू शकतो. १९१३ च्या आधी तो रूळ तिथे नव्हता, एवढंच त्यातून कळतं. खुणा वाचायला तारेचा ब्रश नको, खडूची पूड चोळा आणि संध्याकाळी बॅटरी आडवी धरा. छेद, म्हणजे रुळाचा प्रकार, ओळखायला उंची मोजू नका, माथा झिजलेला असतो. तळाची रुंदी मोजा. सुमारे १३६.५ मिलिमीटर म्हणजे ९०-आर, १२२ म्हणजे ७५-आर, १०९.५ म्हणजे ६०-आर. यातला आकडा म्हणजे यार्डाला इतके पौंड वजन.

प्रश्न : रूळ गेले, नुसता वळणदार बोळ उरला आहे. तो रेल्वेचाच होता हे कसं ठरवावं?

उत्तर : ११.८ मीटर लांब न ताणणारी दोरी घ्या. वळणाच्या आतल्या बाजूने कुंपणभिंतीला दोन्ही टोकं टेकवणं जमत नाही, म्हणून बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेला टेकवा. दोरीच्या मध्यापासून भिंतीपर्यंत जितके सेंटिमीटर, तितके वळणाचे अंश; अंश जास्त, तितकं वळण तीव्र. तीन-चार ठिकाणी आकडा जवळपास सारखा आला तर आशा आहे. गल्लीबोळाचं वळण असं एकसारखं नसतं. ब्रॉडगेजची मर्यादा १० अंश, मीटरगेजची १६, नॅरोगेजची ४०. पंचवीस सेंटिमीटर आले तर ब्रॉडगेज विसरा.

मग ४७ एफ/१४ हा तुमच्या भागाचा सर्वेक्षण नकाशा वेगवेगळ्या आवृत्त्यांत पाहा. छपाईचं नव्हे, समासातलं सर्वेक्षणाचं साल धरा. १:५०,००० प्रमाणात पाच मीटरची पट्टी ०.१ मिलिमीटर होते, त्यामुळे नकाशातली रेघ जागेसाठी नाही, काळासाठी वापरा. जागेसाठी १९६० ते १९७२ दरम्यानची, आता खुली झालेली अमेरिकी कोरोना उपग्रहचित्रं बरी. लष्करी भिंतीजवळ मात्र कॅमेरा आणि ड्रोन घरीच ठेवा, आणि चालू लाइनीवर उतरू नका : रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.