सोलर शेवटी, आधी जमीन आणि सावली

ताई, होटगी रस्त्याला बावन्न प्लॉटची नवी वसाहत होतेय, सोलर, पाणी आणि गाड्यांच्या चार्जिंगचे नियम पहिल्याच सभेत मंजूर करून घ्यायचेत, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचा मी अकरा वर्षं सचिव होतो. आमच्याकडे नियम घरं बांधून झाल्यावर आले, म्हणून कळकळीनं सांगतो, सोलरचं कलम शेवटी लिहा. प्लॉट कसे पाडायचे, जिना कुठे, पाणी कुठे मुरवायचं, हे आधी ठरवा. सोलर कधीही बसवता येतं, घराचं तोंड नंतर फिरवता येत नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी चारनंतर हात लाववत नाही, आणि तीच धग रात्री अकरापर्यंत खोलीत उतरत राहते. म्हणून घराच्या लांब भिंतींची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला येतील असेच प्लॉट पाडून घ्या. पश्चिमेला झोपायची खोली नको. तिथे संडास-बाथरूम, जिना, अडगळ जाऊ द्या. जिन्याची खोली आणि वरची टाकी वायव्य कोपऱ्यात, हे तर नियमातच लिहा. आमच्या बऱ्याच घरांत ती दक्षिणेला आहे. डिसेंबरात तिची सावली अर्ध्या गच्चीवर पडते, आणि एका पॅनेलवर सावली आली की त्याच्याशी जोडलेल्या सगळ्या ओळीची वीज उतरते. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक किंवा दरवर्षी चुना, एवढंही पुरे. जुन्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या छताखाली, उन्हाळ्यातही दुपारी डोळा लागायचा. तेवढी जाड माती आता कुणी घालणार नाही, पण छत तापू न देणं आपल्या हातात आहे.

आता पाणी. यावर सभेत सगळ्यात जास्त वेळ द्या. उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्या नळाला काही दिवसांआडच पाणी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. राज्याच्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पावसाच्या पाण्याची सोय सक्तीची आहे. तुमचे प्लॉट त्याहून लहान असतील तर ही सक्ती तुम्हीच लावा. हिशेब सोपा आहे. हजार चौरस फूट गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९३ लिटर पाणी. वर्षात ५०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी एका घरामागे सुमारे ३७ हजार लिटर.

पण हे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा कुठवर खणायचा हे लिहून घ्या. आमच्या ठेकेदारानं सहा फुटांवर, काळ्या मातीतच हात थांबवला आणि वर खडी-वाळू भरून पैसे घेतले. सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात खड्डा तुडुंब भरला आणि दोन आठवडे तसाच राहिला. डास झाले, शेजारच्या कुंपणाच्या भिंतीला भेग गेली. काळी माती भिजली की फुगते, खाली पाणी सोडत नाही. माती संपून मुरूम लागेपर्यंत खणायचं, आणि मुरूम लागल्यावर समितीतल्या दोघांनी खाली वाकून बघायचं, मगच भरायचं. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह हवाच. आंघोळीचं आणि संडासाचं सांडपाणी वेगळ्या पाइपांतून काढायचंही बांधतानाच करा, नंतर फरशा फोडाव्या लागतात.

सोलरला एका किलोवॉटमागे साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते; आपल्या उन्हात ते ६५ पर्यंत जातं, म्हणजे बारा-पंधरा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवू नका, आठ फूट उंच सांगाड्यावर घ्या. खालून वारा खेळतो आणि खोलीही निवते. मात्र सांगाड्याचे पाय कॉलमवरच येऊ द्या, वळवाचा वारा पत्रेसुद्धा उचलून नेतो. आमच्या सभेत बायकांनी विचारलं होतं, कुरडया-पापड कुठे घालायचे? रास्त प्रश्न होता. गच्चीचा तिसरा हिस्सा वाळवणाला उघडा ठेवा. पॅनेल पुसायला बोअरचं पाणी वापरू नका, काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात. मऊ पाणी घ्या आणि ऊन चढायच्या आत उरका.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी ३ किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे, सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८ हजार. रस्त्यावरचे दिवे आणि पाण्याची मोटर त्यात बसवा, मोटर दुपारीच चालवा. चार्जिंगसाठी आता फक्त रिकामे पाइप आणि ट्रान्सफॉर्मरला जागा ठेवली तरी चालेल.

प्रत्येक कलमापुढे दोन गोष्टी लिहा, बघणार कोण आणि पैसा कुठून. खड्ड्याची गाळणी मेअखेर साफ व्हायला हवी, त्याचा खर्च वर्गणीतच धरा. आणि बोअर मारायच्या आधी शेजारच्या चार-पाच विहिरी-बोअरची पातळी यंदाच्या एप्रिलमध्ये दोरी सोडून मोजून वहीत लिहा. पाच वर्षांनी पाणी वर आलं की खाली गेलं, ते त्याच वहीतून कळेल.