तालुका माढा, मग जंक्शन कुर्डुवाडी का?

प्रश्न : सोलापूरला जाताना आमची एक्स्प्रेस कुर्डुवाडीला थांबते आणि माढा मात्र झर्रकन मागे पडतं. तालुका तर माढा! मग कुर्डुवाडीत असं आहे तरी काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण बार्शीच्या कापसात आहे. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली, पण बार्शीसारखी बाजारपेठ पस्तीसेक किलोमीटर बाजूला राहिली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने चिकाटी धरली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी छोटी गाडी सुरू झाली. (हाच गृहस्थ पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट करण्याच्या मागे लागला!) १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला.

गंमत रुळांची. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटी, छोटीचे अडीच फुटी. त्यामुळे एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाणारच नाही. पोतं असो की माणूस, कुर्डुवाडीत उतरून गाडी बदलल्याशिवाय सुटका नव्हती. हमाल, चहावाले, रेल्वेचा कारखाना, क्वार्टर्स, सगळं त्याभोवती वाढलं. माढ्याकडे तालुक्याची कचेरी होती, पण तिथे कुणाला गाडी बदलावी लागत नव्हती.

मी लहानपणी आजीबरोबर पंढरपूरला जायचो. मेल थांबायच्या आधीच आजी पदर खोचून दारात उभी. माझं काम ठरलेलं : जिना ओलांडून पळत जायचं आणि छोट्या गाडीच्या खिडकीतून बाकावर टॉवेल टाकायचा. एकदा टॉवेल टाकला तो दुसऱ्याच गाडीत. सगळं सामान आवरून बसल्यावर कळलं, ही बार्शीला निघालीय. आजी पंढरपूर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. डोळ्यात गेलेला कोळशाचा कण मात्र तिनेच पदराच्या टोकाने काढला.

२०१० पर्यंत मिरज ते लातूर सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. छोट्या गाडीसाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात, मीही त्यातलाच. पण लातूरकराला विचारा. मुंबईच्या गाडीत रात्री पथारी पसरली की कुर्डुवाडी कधी आली ते त्याला कळतही नाही, आणि त्याला ते कळायला नकोच आहे.

तुम्ही मात्र पंढरपूरला निघाला असाल तर अजूनही कुर्डुवाडीला उतरा. पुढे जेमतेम पन्नास किलोमीटर. टॉवेल टाकण्याआधी पाटी तेवढी वाचा.