गुगली शिकायचीय? आधी हे वाच

गुगलीची, म्हणजे लेगब्रेकसारख्याच दिसणाऱ्या पण उलट्या वळणाऱ्या चेंडूची घाई समजते, पण आधी एक सांग, तुझा लेगब्रेक (लेगकडून ऑफकडे वळणारा चेंडू) ओव्हरमध्ये चार वेळा तरी हव्या त्या टप्प्यावर पडतो का? नसेल, तर अजून थांब. बॅट्समन लेगब्रेकची वाट बघत असतो, म्हणूनच गुगली फसवते.

आता मनगट. पकड तीच, बोटं तीच. चेंडू सुटताना मनगट आणखी वळवायचं, हाताची मागची बाजू बॅट्समनकडे, आणि चेंडू करंगळीच्या बाजूने बाहेर. २२ यार्डांवरून सुरुवात करू नकोस. दहा-बारा पावलांवर जोडीदार उभा कर, रनअप नको, वेगही नको. चेंडू पडल्यावर उलटा वळला की झालं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- मनगट वळत नाही म्हणून डोकं आणि खांदा एका बाजूला झुकवणं. चेंडू वळतो खरा, पण टप्पा जातो.
- गुगलीला हात वेगळा फिरवणं. चांगला बॅट्समन तिथेच ओळखतो.
- दिवसभर गुगलीच टाकत बसणं. ही सगळ्यात वाईट, यात भल्याभल्यांचा लेगब्रेक वळायचा थांबलाय. प्रत्येक गुगलीमागे पाच-सहा लेगब्रेक टाक.

फ्लिपर, टॉपस्पिन वगैरे फिरकीचे बाकी प्रकार सध्या विसर. खांदा दुखला तर त्या दिवशी बॉलिंग बंद.