जुन्या कॅसेटींसाठी डिस्क घेताय? आधी हे बघा

दादा, जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या म्हणून लगेच महागडी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घेऊ नका. आधी हिशेब करा. मिनी-डीव्ही टेपचा (हँडीकॅमची छोटी डिजिटल कॅसेट) एक तास साधारण 13 जीबी होतो. 20 टेपा असतील तर 260 जीबी, वर एडिटिंगला तेवढीच मोकळी जागा हवी. व्हीएचएस (व्हीसीआरची मोठी कॅसेट) मात्र कॉम्प्रेस न करता उतरवली, तर तासाला 75 जीबीच्या आसपास जाते.

माझं मत विचाराल तर एडिटिंगला 1 टीबीची एसएसडी आणि मूळ फायलींसाठी दोन साध्या हार्डडिस्क घ्या. दोन म्हणजे दोनच! त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. माझी एकुलती एक डिस्क टेबलावरून पडली आणि टकटक आवाज करू लागली. त्यात सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचं शूटिंग होतं, नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीत खांद्यावर मला घेतलेले आजोबा होते. ते परत मिळालं नाही. म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

डिस्क एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा. जुन्या फॅट32 पद्धतीत 4 जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. केबल यूएसबी 3 चीच वापरा.

आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा! पत्र्याच्या खोलीत, बंद गाडीत डिस्क ठेवू नका. लाईट जायची भीती असेल तर कॉपी चालू असताना कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा, आणि दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कॅसेट टाकून देऊ नका.